कानबाईचा पहारा

बँकेनं आमच्या दारावर नोटीस चिकटवली, तेव्हा पहिली अडचण कर्जाची आली नाही, गोंदाची आली. ती नोटीस काही केल्या निघेना. आमच्या ह्यांनी ओलं फडकं घासलं, रॉकेल लावलं, शेवटी भाजीची सुरी घेऊन बसले. दाराचं पॉलिश गेलं, नोटीस जागच्या जागी. मग त्यांनी तिच्यावर देवीचं मोठं कॅलेंडर ठोकलं. शेजारीण म्हणाली, "दाराला बाहेरून कॅलेंडर?" मी म्हटलं, "आल्यागेल्याला तिथी कळावी म्हणून." तिनं मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशी ती कॅलेंडरचं पान उचलून बघताना मला खिडकीतून दिसली.

आमचे हे नरडाण्याला एका तेलाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दिवाळीनंतर कारखान्याला कुलूप लागलं आणि घराच्या कर्जाचे हप्ते थकत गेले. घर धुळ्यातच, पांझरेच्या पलीकडच्या एका कॉलनीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तुळशीपुरतं अंगण. ते घर माझ्या नावावर होतं, हे इथंच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी महिने ते कुणालाच आठवलं नाही. बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्पात सूट मिळते, असं कुणीतरी ह्यांना सांगितलं होतं. म्हणून मला रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं, "इथं, इथं आणि इथं" असं बोट ठेवून दाखवलं आणि मी सह्या केल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातल्या भांड्यांवरही माझंच नाव घातलेलं आहे, पण कोणतं भांडं कुणाला द्यायचं ते मला विचारून ठरत नाही.

नोटीस लागल्यावर आठवडाभरातच ह्यांना एक जाहिरात सापडली. विजेच्या खांबावर, रसवंतीच्या पत्र्यावर, सुलभ शौचालयाच्या भिंतीवर, सगळीकडे तीच होती. 'घर जातंय? घाबरू नका! बँकेच्या नोटिशीला एकच उत्तर!' खाली जळगावचा पत्ता. आम्ही एसटीनं गेलो. एरंडोल येईपर्यंत हे मला धीर देत होते, एरंडोलनंतर मी त्यांना.

ऑफिस पाहून मात्र दोघांनाही धीर आला. काचेचं दार, थंड हवा, भिंतभर कायद्याची जाड पुस्तकं. ती इतकी नीट लावलेली होती, की त्यातलं एकही कधी बाहेर काढलेलं नसावं. सल्लागार चाळिशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, टेबलावर तीन मोबाइल. त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मला "या वहिनी" म्हणाले आणि त्यानंतर श्रावणापर्यंत माझ्याशी चहा-पाण्यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

"भाऊ, आधी एक करा," ते म्हणाले. "कर्ज हा शब्द तोंडातून काढून टाका. कर्ज म्हटलं की माणूस खचतो. आपण त्याला विषय म्हणू. तुमचा विषय माझ्याकडे आला, आता तो माझा विषय."

किती सोपं होतं बघा. आम्ही इतके दिवस उगाच झोप मोडून घेत होतो.

मग त्यांनी पथ्यं सांगितली. बँकेचा फोन घ्यायचा नाही. रजिस्टर पत्र घ्यायचं नाही, कारण जे घेतलंच नाही ते लागू कसं होईल? बँकेचा माणूस आला तर दार उघडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाऊबंदांत कुणाला सांगायचं नाही. "चार तोंडी गेला की विषय बिघडतो, भाऊ." हे शेवटचं पथ्य ह्यांना फारच पटलं. बँकेपेक्षा त्यांना भाऊबंदांचीच धास्ती जास्त होती.

पथ्यांबरोबर औषधही होतं, म्हणजे फी. दर महिन्याला द्यायची, तिचं नाव संरक्षण. साधं संरक्षण, विशेष संरक्षण, असे तिच्यात प्रकार होते. आमच्या ह्यांनी विशेष घेतलं, कारण साध्या संरक्षणात मुंबईहून स्टे, म्हणजे कोर्टाची स्थगिती, येत नव्हता. हप्ता भरायला घरात पैसे नव्हते, संरक्षणाला मात्र निघाले. माझ्या पाटल्या त्यातच गेल्या. मी कुरकुरले तर हे म्हणाले, "घर राहिलं तर पाटल्या परत होतील." घर आणि पाटल्या दोन्ही माझीच होती, पण हिशेब ह्यांच्याकडे होता.

पथ्यं आम्ही इतकी कडक पाळली, की तेवढ्यानं एखादं व्रत पावलं असतं. पोस्टमन दारात येऊन म्हणायचा, "काका, आत आहात ना? टीव्ही ऐकू येतोय." आतून हे ओरडायचे, "घरात कुणी नाही!" बँकेचा एक माणूस दोनदा येऊन गेला, तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलो होतो. या वयात गुडघे मोडून ओट्याखाली! आणि स्टे? तो निघालेला असायचा. आज मुंबईहून निघाला, उद्या नाशिकला अडकला, मग साहेब रजेवर, मग सुट्टी. इतका वेळ तर पायी निघालेला माणूसही लावत नाही.

मग एके दिवशी एक पोलीस शिपाई हातोहात कागद देऊन गेला. भाजीवाला समजून ह्यांनी दार उघडलं होतं. श्रावणातल्या एका सोमवारी बँक घराचा ताबा घेणार, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. त्याआधी मी नुसती चिडलेली होते. आपलं घर जाणार, हे मला त्या दिवशी भांडी घासता घासता कळलं आणि मी नळ चालू ठेवून बराच वेळ रडले.

आम्ही पुन्हा जळगाव गाठलं. सल्लागारांनी कागदावरची तारीख तेवढी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

"भाऊ, या सोमवारच्या आदल्या दिवशी काय आहे?"

"कानबाई," हे म्हणाले.

"मग! हा योगायोग नाही, संकेत आहे."

कानबाई ही आमची खानदेशची माय. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने लेववून तिला चौरंगावर बसवतात. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट करतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला त्यातला घास नाही. सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवायचं. आमची कानबाई बसते ती अक्कांकडे. अक्का म्हणजे माझी सगळ्यात थोरली जाऊ, दोंडाईच्याजवळच्या गावात एकट्या राहतात आणि सगळ्या कुळावर राज्य करतात.

सल्लागारांचा बेत असा होता. यंदा कानबाई आमच्या घरी बसवायची, आणि सोमवारी उठवायचीच नाही. खानदेशातला कोणता अधिकारी, कोणता पोलीस चौरंगावर बसलेल्या कानबाईला बाहेर काढून घराला कुलूप लावील? स्टे येईपर्यंत तिला बसू द्यायचं. आणि विषय कायमचा मिटावा म्हणून त्याच सोमवारी दुपारी एक तात्पुरती खरेदी करायची. त्यांचे एक विश्वासू गृहस्थ घर स्वतःच्या नावावर घेतील, बँकेचं भागवतील, आम्ही तिथंच भाड्यानं राहायचं, आणि दोन वर्षांनी घर परत आमचं. "कागदापुरतं हो, भाऊ. घर तुमचंच."

मी म्हटलं, "आणि परत नाही दिलं तर?"

सल्लागार ह्यांच्याकडे बघून हसले. ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. तिथंच तो प्रश्न संपला.

अक्कांना फोन गेला. यंदा माय आमच्याकडे येऊ द्या, असं दिरानं आपणहून म्हटल्यावर अक्कांना भरून आलं. त्यांचे गुडघे दुखत होते, छप्पर गळत होतं, आणि धाकट्या दिराला उशिरा का होईना भक्ती सुचली होती. त्या गव्हाचं पोतं आणि चौरंग घेऊन शुक्रवारीच हजर झाल्या. कॅलेंडर दाराला बाहेरून का लावलंय, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याच्यावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं.

त्या रविवारी माझं घर कसं दिसत होतं ते सांगायला हवं. पुतणे, सुना, लेकरं, पाय ठेवायला जागा नव्हती. गंगाफळाची भाजी, खीर, पुरणाचा वास. भिंतीला नवा चुना. चौरंगावर माय नथ घालून बसलेली, सुना फुगड्या खेळत होत्या आणि मीही खेळले. मला वाटत होतं, हे सगळं इथंच थांबावं, हा सोमवार कॅलेंडरात येऊच नये. देवीपुढे मी काही मागितलं नाही. तिला कशासाठी आणून बसवलंय हे ठाऊक असताना आणखी मागायची लाज वाटत होती.

संध्याकाळी सल्लागार आरतीला आले. कानबाईसमोर उभं राहून ह्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, समाधानी ग्राहकांच्या भिंतीवर लावायला. अक्कांनी मला हळूच त्यांच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ कोन शे?"

हे मध्येच त्याला रोटाचं आमंत्रणही देऊन मोकळे झाले, "भाऊसारखा शे, अक्का. सकाळे रोट खावाले बी ई."

"भाऊसारखा शे ना? मंग भाऊ नही," अक्का म्हणाल्या आणि वाती करायला लागल्या.

सोमवारी सकाळी अंघोळी उरकून सगळे नदीवर जायला तयार झाले. वाजंत्रीवाले दारात आले. अक्का म्हणाल्या, "चाला, मायले उठाडा." आणि आमचे हे चौरंगापुढे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, एसटीपुढे आडवं व्हावं तसे.

"आज नही उठाडनी."

"कसाले?"

ह्यांना उत्तर पाठ करून दिलेलं होतं. देवीचा कौल, स्वप्नातला दृष्टांत, असं काहीतरी. पण अक्कांच्या डोळ्याला डोळा भिडला आणि माणूस गळालाच. तोंडातून खरं बाहेर पडलं. कारखाना, हप्ते, नोटीस, आज येणारी बँक, सगळं. पुतण्यानं बाहेर जाऊन कॅलेंडर उचललं आणि खालची नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली, त्यामुळे जे भाऊबंद अंगणात होते त्यांनाही कळलं, आणि वाजंत्रीवाल्यांनाही.

मला वाटलं आता ह्यांच्या अब्रूचे धिंडवडे निघतील. पण कुणी हसलं नाही. अक्का खाली बसल्या.

"आम्ही काय मरी गयात का रे?" त्या म्हणाल्या. "बठ्ठा कुळ आठे दोन दिनपाईन जेवी राहिना, आनि तू एक शब्द बोलना नही? आनि मायले वॉचमन करी टाकं तुम्ही? दारवर बसाडी दिनी तिले?"

हे लहान मुलासारखे रडायला लागले. मला त्यांची दया आली आणि तितकाच संतापही आला, दोन्ही एकदम. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान ज्या घरी कानबाई बसते त्या घरच्या सुनेचा. मी ह्यांना हातानं बाजूला केलं, पदर खोचला आणि म्हटलं, "अक्का, हात लावा." अक्कांनी आणि सुनांनी चौरंग माझ्या डोक्यावर ठेवला.

फाटकाशी बँकेची गाडी उभीच होती. साहेब, दोन पंच, एक पोलीस शिपाई आणि एक मोबाइलवर शूटिंग करणारा. साहेबांनी चौरंग बघितला, बूट काढले, रस्त्यातच वाकून नमस्कार केला. "आधी बोळवण होऊ द्या," ते म्हणाले. "आमच्याकडची आत्ताच बोळवून आलोय." म्हणजे खानदेशी अधिकाऱ्याबद्दल सल्लागारांचा अंदाज अगदी बरोबर होता. तो वाकणार, थांबणार, आणि मग कुलूप लावणार.

नदीवरून परत आलो तर साहेब अंगणाच्या कठड्यावर बसलेले. तोवर सल्लागारही आले होते, सोबत ते विश्वासू गृहस्थ. पांढरे कपडे, तोंडात गुटखा, माझ्या भिंतींकडे अशी नजर फिरवत होते की जणू रंग कोणता द्यायचा ते ठरवताहेत. सल्लागारांच्या हातात खरेदीचा कागद तयार होता.

साहेबांनी विचारलं, "घरमालक?"

हे पुढे झाले. सल्लागार त्यांच्यापुढे झाले. "मी बघतो हा विषय."

"तुम्ही नाही," साहेब म्हणाले. "हेही नाही. मिळकत बाईंच्या नावावर आहे. बाई कुठे आहेत?"

सल्लागारांनी फाईल उघडली. श्रावणापर्यंत त्या फाईलला लाल दोरी होती, शिक्के होते, वर ह्यांचा फोटोही होता. ती उघडली मात्र तेव्हाच. त्यांनी आत बघितलं, मग हातातल्या खरेदीच्या कागदाकडे बघितलं. त्यावर विकणारा म्हणून आमच्या ह्यांचं नाव होतं.

"भाऊ, तुम्ही बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारलं नाही," हे म्हणाले. हे त्यांचं त्या अख्ख्या वर्षातलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं.

सल्लागार माझ्याकडे वळले. "वहिनी," ते म्हणाले. मी बघत राहिले. "ताई." मी खोचलेला पदर सारखा केला. "मॅडम, कागद पाच मिनिटांत बदलून मिळेल. फक्त तुमच्या सहीचा विषय आहे."

"विषय नाही, कर्ज म्हणा," मी म्हटलं. "आणि ते माझं आहे. तुम्ही सरका."

ते हसून ह्यांच्याकडे बघायला लागले. पण ह्यांनी मान खाली घातली होती. अक्का पायरीवरून म्हणाल्या, "तुनं घर शे, तू बोल."

मी साहेबांना विचारलं, घर वाचवायचं आता काही उरलंय का? ते म्हणाले, ताबा मला आज घ्यावाच लागेल, ताई. आम्ही पत्रं पाठवली होती, या म्हणून, हप्ता कमी करून मुदत वाढवून देतो म्हणून. सगळी परत आली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं मला जास्तच लागलं. मी विचारलं, संरक्षणाला जे दिलं ते तेव्हा तुमच्याकडे भरलं असतं तर? त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. त्यांनी सल्लागारांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "तर मी आज इथं आलो नसतो."

मग साहेबांनी सांगितलं ते मी दोनदा वदवून घेतलं. लिलावाची जाहिरात निघायच्या आत आम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं, बँकेचं चुकतं केलं, तर उरलेलं आमचं. विश्वासू गृहस्थांच्या कागदात उरलेलं असं काही नव्हतंच. मी म्हटलं, "गिऱ्हाईक मी आणते." गृहस्थ तोंडातला गुटखा थुंकायला फाटकाबाहेर गेले आणि परत आले नाहीत.

कुलूप लावण्याआधी आम्ही रोट खाल्ले. सगळं कुळ माझ्या रिकाम्या होणाऱ्या घरात ओळीनं बसलं. साहेबांना आणि शिपायाला चहा दिला, रोट दिले नाहीत, आणि त्यांनी ते मनालाही लावून घेतलं नाही. सल्लागार अजून दारात घुटमळत होते, कदाचित या महिन्याची फी राहिली होती म्हणून. अक्कांनी त्यांना एवढंच सांगितलं, "तुनं पान आठे नही." जेवण झाल्यावर पुतण्यांनी सामान टेम्पोत भरलं. मी घर झाडलं, ओटा पुसला, आणि चावी साहेबांच्या हातात दिली.

गिऱ्हाईक जामनेरचं मिळालं, एक शिक्षक जोडपं. बोलणी मी केली. हे शेजारी बसून राहिले, आणि मध्ये एकदा तोंड उघडणार तोच स्वतःच गप्प झाले. भाव पडून मिळाला, पण बँकेचं फिटून हातात काही राहिलं. सल्लागारांच्या जाहिराती अजून खांबांवर आहेत. आता खाली पत्ता भुसावळचा आहे.

विक्रीच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत मला खुर्चीवर बसवलं. अधिकाऱ्यांनी कागद चाळला आणि न बघताच विचारलं, "घर खुशीनं विकताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

"नाही साहेब, खुशीनंच," आमचे हे मागून म्हणाले.

"तुम्हाला नाही. बाईंना विचारतोय."

त्या घराबद्दल सरकारदरबारी, बँकेत, जळगावच्या त्या थंड हवेच्या ऑफिसात किंवा माझ्याच स्वयंपाकघरात, कुणी मला कधी हे विचारलं नव्हतं. घेताना नाही, गहाण टाकताना नाही. मला एकदम रडू फुटलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मग खुशीनं नाही का? तसं असेल तर मला नोंद करता येणार नाही."

हे घाईनं पुढे झाले. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि डोळे पुसले.

"खुशीनं कसं असेल, साहेब," मी म्हटलं. "पण माझ्या मर्जीनं विकतेय. लिहा."

त्यांनी ते लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. सही कुठे करायची ते या वेळी मला कुणी दाखवलं नाही. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, आणि मागे रांगेतली माणसं थांबून राहिली.